तिसऱ्या क्लॅरिनेटचा उशीर

सप्टेंबर लागला की आमच्या मिल्टन कीन्समध्ये आधी रेडवे बदलतात. रेडवे म्हणजे इथले सायकलींचे आणि चालणाऱ्यांचे लाल रस्ते. त्यांच्यावर पानं पडायला लागतात, भुरभुर पावसात चिकटून बसतात आणि सायकलवरून जाताना जीव मुठीत धरावा लागतो. याच दिवसांत एका मंगळवारी संध्याकाळी मी एका शाळेच्या हॉलमागच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेली असते. हे कपाट म्हणजे आमच्या विंड बँडची, फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या बँडची, लायब्ररी, आणि मी तिची लायब्ररियन.

लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं दिसतात. आमच्याकडे पुस्तक एकही नाही. आहेत ते लिफाफे, तपकिरी, कडा फाटलेले, चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलेले. एका लिफाफ्यात एक रचना, आणि ती सुट्ट्या कागदांत वाटलेली. बासरीचा कागद वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा, ड्रमवाल्याचा वेगळा. या कागदाला पार्ट म्हणतात. ज्याच्या त्याच्या पार्टात फक्त त्याच्या वाद्याचे सूर. सबंध रचना हातवारे करून बँड चालवणाऱ्या एकट्या कंडक्टरसमोर असते, बाकी चाळीस-पंचेचाळीस माणसं आपापला तुकडा घेऊन बसतात आणि शेजाऱ्याकडे काय लिहिलंय याचा त्यांना पत्ता नसतो. मला या व्यवस्थेची अजून गंमत वाटते. एवढा विश्वास माणसं एरवी एकमेकांवर टाकताना दिसत नाहीत.

पार्टावर लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं आणि सीझन संपला की खोडून परत द्यायचं, असा नियम आहे. तो कुणी पाळत नाही. त्यामुळे खोडायचं काम माझ्याकडे येतं आणि खोडताना मी सगळं वाचते. ‘इथं श्वास.’ ‘ग्रॅहमकडे बघ.’ ‘एवढ्या जोरात नको.’ जिथं हमखास चुकायला होतं तिथं पेन्सिलीनं चष्म्याचं चित्र काढायची इथल्या वाजवणाऱ्यांची पद्धत आहे, म्हणजे बाई, डोळे उघड. एका मार्चच्या कोपऱ्यात कुणीतरी दूध, अंडी आणि मांजराचं खाणं लिहून ठेवलंय. ते मी खोडत नाही. त्या माणसाला घरी जाताना आठवलं असेल ना, एवढीच काळजी वाटते.

जुना कागद, चिकटपट्टीचा गोंद आणि शाळेच्या लाकडी फरशीचं पॉलिश, असा तो एक वास आहे. तो आला की माझा इथला पहिला सीझन डोक्यात सुरू होतो. सप्टेंबर ते ख्रिसमस. त्यातले पहिले दोन-अडीच महिने मी या हॉलमध्ये दर मंगळवारी बसून एक धडधडीत खोटं वाजवत होते.

त्याचं असं झालं. नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आम्ही इथं आलो, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मलाही सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं, पण घरून. दिवसभर हेडफोनमध्ये माणसं बोलायची आणि लॅपटॉप मिटला की त्यांतल्या एकाचाही चेहरा आठवायचा नाही. मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउट, म्हणजे चौकाचौकातले गोल, मोजायला माणूस कमी पडेल, पण रस्त्यावर चालताना कुणी भेटेल तर शपथ. सगळे आपापल्या गाडीत. अशात वाचनालयाच्या फळ्यावर बँडची चिठ्ठी दिसली. नवीन सभासद हवेत, परीक्षा नाही, नोटेशन बऱ्यापैकी वाचता येणं आवश्यक. मी फॉर्म भरला. किती वर्षं वाजवता? वीस. हे खरं होतं. नोटेशन वाचता येतं का? मी ‘हो’वर खूण केली.

मला एक सूरही वाचता येत नव्हता. त्या पाच रेघा माझ्यासाठी कानडी पाटीसारख्या होत्या.

वाजवता मात्र येत होतं. माझे बाबा नागपूरचे बँडवाले. लग्नाच्या वराती, चौदा एप्रिलच्या मिरवणुका, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात स्लीपर. बाबा क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँड चालवायचे. मी सहावीत असताना त्यांनी त्यांचं जुनं क्लॅरिनेट माझ्या हातात दिलं आणि घरातल्या घरात सारेगमवर शिकवलं. घरातल्या घरात, कारण वरातीत पोरगी वाजवत नाही, आणि कारण शाळेत ‘बँडवाल्याची पोरगी’ हे मला एकदा ऐकायला मिळालं होतं. त्यानंतर मी खिडक्या लावून वाजवायचे. बाबांनी कधी विचारलं नाही की खिडक्या का लावतेस. त्यांना कळत होतं असं आता वाटतं, आणि तेव्हाची माझी मलाच लाज वाटते.

बाबांच्या बँडमध्ये कागद नव्हता. चालत्या वरातीत कागद धरणार कोण. गाणं ऐकायचं, बाबांच्या वहीत सारेगम लिहून व्हायचं, दोन दिवसांत तोंडपाठ. नवीन माणूस आला की त्याला जुन्या माणसाच्या डाव्या हाताला उभं करायचे. त्यानं जुन्याची बोटं बघायची आणि अर्धा श्वास मागून वाजवायचं. याला बाबा ‘सावलीत वाजवणं’ म्हणायचे. ढोल, ताशा, फटाके, जनरेटर, नाचणारे मामा, या सगळ्या गदारोळात तो अर्धा श्वास कुठल्या कुठं जायचा. महिन्याभरात नवा माणूस जुना व्हायचा आणि सावलीतून बाहेर यायचा. चांगली पद्धत होती. मी तीच इथं आणली.

पहिल्या मंगळवारी ग्रॅहमनं, आमच्या कंडक्टरनं, मला थर्ड क्लॅरिनेटमध्ये बसवलं. क्लॅरिनेटचे तीन गट असतात. फर्स्टवाले चाल वाजवतात आणि मिरवतात. सेकंडवाले त्यांच्या पाठीशी असतात. थर्डवाले खालचे लांब सूर धरून बसतात, ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. आमटीतल्या गुळासारखं काम. घातला तर कुणी नाव काढत नाही, विसरलात तर सगळे ताटाकडे बघतात. थर्डमध्ये तेव्हा एकच बाई होती, मॉरीन. चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळेच्या किचनमधून निवृत्त झालेली, हाताची बोटं बारीक आणि केस कापसासारखे. आम्ही दोघींनी मिळून थर्ड क्लॅरिनेट. मधे एक स्टँड आणि त्यावर पार्टाची एकच प्रत.

“यू ओके, लव्ह? दिसतंय ना नीट?” तिनं स्टँड माझ्याकडे वळवत विचारलं.

मी म्हटलं, अगदी छान दिसतंय. दिसत होतंच. वाचता येत नव्हतं.

माझ्या आईपेक्षा मोठी बाई, पण इथं नावानं हाक मारायची. मी मनातल्या मनात तिला अहो-जाहो करायचे आणि तोंडानं मॉरीन म्हणायचे. आता मनातही एकेरीवर आले आहे. तिला समजलं असतं तर तिनंच सांगितलं असतं की बाई, मला म्हातारी करू नकोस.

त्या सीझनला ग्रॅहमनं पुढ्यात ठेवलेल्या रचना आजही माझ्या बोटांत आहेत. एक करकरीत मार्च. इंग्लिश खेड्यांतल्या लोकगीतांवरची एक लांबलचक सूट, म्हणजे सुरावटींची गुंफलेली माळ, जिच्यात मधेच धुकं पडल्यासारखं सगळं हळू होतं. सिनेमाच्या गाण्यांचा एक गुच्छ, कारण तो नसेल तर प्रेक्षक येत नाहीत. आणि कॅरोल्स, ज्या ऑक्टोबरपासून वाजवून वाजवून ख्रिसमसपर्यंत सगळ्यांना नकोशा होतात. मी घरी रेकॉर्डिंग ऐकायचे. फर्स्टची चाल मला दोन दिवसांत पाठ व्हायची. पण थर्डचे सूर रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच येत नाहीत. ते फक्त कागदावर होते, आणि कागद माझ्याशी बोलत नव्हता. मग एकच वाट उरली. चेहरा कागदाकडे, नजर मॉरीनच्या बोटांकडे, आणि अर्धा श्वास मागून.

पान उलटायच्या वेळी ती हात पुढे करायची तेव्हा मीही मान हलवायचे, म्हणजे हो, आलं बरं का शेवटच्या ओळीपर्यंत. ग्रॅहम म्हणायचा, “फ्रॉम लेटर एफ, प्लीज.” सगळे कागदावरच्या त्या अक्षरापासून सुरू व्हायचे, आणि मी चष्मा सारखा करत वेळ काढायचे. नाटक इतकं चांगलं वठलं होतं की कधीकधी माझाच त्याच्यावर विश्वास बसायचा. शिवाय बाबांनी आवाज कमावून घेतला होता. गोल, भरदार आवाज. पहिल्याच ब्रेकमध्ये मॉरीन म्हणाली होती की तुझा टोन ऐकून मला माझं क्लॅरिनेट खाली ठेवावंसं वाटतं. मी लाजून बिस्किट खाल्लं होतं.

आणि मी सुखी होते हेही सांगितलं पाहिजे. मंगळवार असला की सकाळपासून मला बरं वाटायचं. आठवड्यातून एकदा माझं नाव कुणीतरी तोंडानं घ्यायचं. ‘वैशाली’चं ‘वायशॅली’ व्हायचं, पण घ्यायचे. फुंकायच्या आधी चाळीस माणसं एकदम श्वास घेतात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे सगळं जाईल, एवढीच भीती होती. कुणाला कळलं तर ग्रॅहम अगदी नम्रपणे म्हणेल की तुम्ही आधी थोडं शिकून या, आणि माझा मंगळवार संपेल.

आपण खोट्यात फार लांबवर आलोय हे कळायला कधीकधी एक वाक्य पुरतं. ऑक्टोबरच्या मधे ग्रॅहमनं बँड थांबवला आणि म्हणाला, “थर्ड क्लॅरिनेट्स, अ टच लेट.”

“सॉरी, ग्रॅहम,” मॉरीन म्हणाली. माझ्याआधी.

मला वाटलं, सवयीनं म्हणाली. हे लोक बसमध्ये आपल्या पायावर कुणी पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणतात. पुढच्या मंगळवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी ‘थर्ड्स’, दर वेळी तिचं सॉरी. शाळेच्या त्या हॉलमध्ये ढोल नव्हता, फटाके नव्हते, मामा नाचत नव्हते. लाकडी फरशी आणि उंच छत. तिथं अर्धा श्वास घंटेसारखा वाजतो. हे मला कळत होतं. मी अर्ध्याचा पाव करायचा प्रयत्न करत होते. पण सावली कितीही आखडली तरी ती पडतेच.

मॉरीननं खुर्ची पुढे घेतली. मग क्लॅरिनेटच्या तोंडाची रीड, ती वेताची पट्टी, बदलली. मग नवा चष्मा आणला. ती सुरू होण्याआधी मनाशी आकडे मोजू लागली, तिचे ओठ हलताना मला दिसायचे. चाळीस वर्षं या बँडमध्ये काढलेली बाई एखाद्या नव्या पोरीसारखी घाबरून बसायची, आणि मी शेजारी तिच्या बोटांकडे बघत.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी ब्रेकनंतर आम्ही दोघी कप विसळत होतो. खिडकीबाहेर पाच वाजल्यापासूनचा अंधार. ती कप पुसता पुसता सहज म्हणावं तसं म्हणाली, “ख्रिसमसची कॉन्सर्ट झाली की मी थांबणार आहे. ग्रॅहमला सांगितलं नाही अजून.”

मी विचारलं, का.

“माझे कान गेले बहुतेक. किंवा डोकं. दोन्ही धड चालतायत असं काही राहिलेलं नाही.” ती हसली. “तुझं बरं आहे, लव्ह. तू थर्ड सांभाळ. चांगल्या हातात जातंय.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नळ चालू होता, दुसरं कुणी नव्हतं, एका वाक्याचं काम होतं. मी कप पुसला आणि फडताळात ठेवला. भित्रेपणाला काही मोठं कृत्य लागत नाही, कप पुसत राहिलं तरी भागतं.

घरी आल्यावर नितीनला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मग ग्रॅहमला एक ईमेल टाक ना सरळ. वर्स्ट केस काय, म्हणतील सॉरी, इट्स नॉट वर्किंग.”

“तेच तर नकोय मला.”

“आणि मॉरीन गेलेली चालेल?”

मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. बरोबर बोलणाऱ्या नवऱ्याचा राग फार दिवस पुरतो.

रविवारी सकाळी बाबांना फोन केला. त्यांना मी तोवर सांगितलं होतं की इथल्या बँडमध्ये वाजवते, आणि ते सगळ्या नागपूरला सांगून मोकळे झाले होते. त्या दिवशी सगळं सांगितलं. फॉर्म, खोटी खूण, सावली, मॉरीन. त्यांच्या पाठीमागे कुकरची शिट्टी झाली.

मग म्हणाले, “म्हणजे तुह्या चुका त्या बाईच्या नावावर जाऊन राहिल्या?”

“हो.”

“आणि तुले माहीत हाय?”

“हो, बाबा.”

“आपल्यात सावलीत कोण उभं राहते, सगळ्यांले माहीत असते. मास्तरले माहीत, शेजारच्याले माहीत. लपून नाही उभं राहत कोणी. तू लपून उभी राहिली. मी असं नव्हतं शिकवलं.”

मी म्हटलं, मंगळवारी सांगते.

“मंगळवारपर्यंत कायले? तिचं घर नाही का माहीत?”

घर माहीत होतं. तिनं एकदा पावसात मला गाडीतून सोडलं होतं, तेव्हा वाटेत दाखवलं होतं. मी सायकल काढली. पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून काढली. ती घराबाहेरच होती, दाराशी पडलेली पानं दाताळ्यानं ओढत होती. मला बघून तिला आनंद झाला, आणि त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

मी सायकलला धरूनच बोलायला सुरुवात केली. मला नोटेशन वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी तुझी बोटं बघून मागून वाजवते. उशीर माझा आहे. पहिल्या दिवसापासून माझाच आहे.

तिनं दाताळं भिंतीला टेकवलं आणि बुटक्या भिंतीवर बसली. चेहऱ्यावर काहीच नाही. मला वाटलं, आता ओरडेल. इथले लोक ओरडत नाहीत हे विसरले होते.

“मी कान तपासून आले,” ती म्हणाली. “दोनदा. त्या चष्म्याच्या दुकानात कानही तपासतात ना, तिथं. तो मुलगा म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम आहेत. माझा विश्वास बसला नाही. तुझा सूर मला माझ्या मागून येतोय असं वाटायचं. ग्रॅहम म्हणायचा उशीर होतोय. आणि तू अशी शांतपणे कागदाकडे बघत बसलेली. मी म्हटलं, ही चुकणं शक्य नाही, म्हणजे माझेच कान खोटं बोलतात.”

मी सॉरी म्हटलं. ते इतकं लहान वाटलं की परत म्हणायची हिंमत झाली नाही.

“म्हणजे मी वेळेवर होते,” ती म्हणाली.

“कायम.”

“सगळा वेळ?”

“मॉरीन, मी तुझ्याच बोटांवर वाजवत होते. तू चुकली असतीस तर मी काय वाजवलं असतं?”

आणि मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळे पुसायला तिनं बागकामाचे हातमोजे काढले. हसता हसता ती रडतही होती, आणि ते लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही. शेजारच्या घराचा पडदा हलला. मी सायकलला धरून उभी होते आणि माझ्या पायांतून दोन महिन्यांचं ओझं उतरत होतं. आपण एखाद्याला एवढं परत देऊ शकतो, तेही केवळ आपली चूक आपली म्हणून, हे मला माहीत नव्हतं.

हसणं संपल्यावर ती चिडली. ते व्हायचंच होतं. “घरी जा आता,” म्हणाली. “मला तुझा राग आलाय आणि तो मला एकटीला करायचाय. मंगळवारी ये. ग्रॅहमला तू सांगायचंस, मी नाही. आणि क्लॅरिनेट आण.”

ग्रॅहमला सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, “आह.” मग डोकं खाजवलं. मग म्हणाला, की जे नक्की येतं तेवढं वाजवा, बाकीच्या वेळी मांडीवर ठेवून द्या, न वाजलेल्या थर्ड क्लॅरिनेटबद्दल आजवर कुणीही तक्रार केलेली नाही. मला काढलं नाही. काढतील काढतील म्हणून मी जे नाटक उभं केलं होतं, तसं काढणारं कुणी नव्हतंच.

ख्रिसमसच्या कॉन्सर्टला मी अर्धा कार्यक्रम गप्प बसून होते. इतकं सुंदर गप्प बसणं मी कधी अनुभवलं नव्हतं. बाबांच्या बँडमध्ये शांतता नसायची, वरात थांबली तर लोक बोंब मारतील. इथं मात्र गप्प बसणंसुद्धा कागदावर लिहिलेलं असतं, अमुक इतके ठेके थांबा म्हणून वर आकडा घालून. बँड सोडायचा बेत मॉरीननं रद्द केला होता, आणि तिनं मला सगळ्यात आधी तो आकडा वाचायला शिकवलं. बाकीचं नंतर, म्हणाली, आधी थांबायला शीक. हिवाळाभर मी गुरुवारी दुपारी लवकर काम आटोपून तिच्याकडे जायचे. स्वयंपाकघरातलं टेबल, ओव्हनचा टायमर ठेका म्हणून, आणि लहान मुलांचं एक पुस्तक, ज्यात सुरांना डोळे आणि टोप्या काढलेल्या होत्या. तिशी ओलांडलेली बाई मी, टोपीवाल्या सुरांकडे बोट दाखवून नावं सांगायचे. एकदा बाबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. बाबांनी मला मधे घालून तिला विचारलं, कागद हरवला तर तुम्ही काय करता. ती म्हणाली, घरी जातो. बाबांना ते इतकं आवडलं की अजून ते हे लोकांना सांगतात.

त्या गुरुवारांपैकी एका गुरुवारी तिनं माझ्याकडून एक वचन घेतलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, “तू माझं एक देणं लागतेस. एक दिवस खरंच मला उशीर व्हायला लागेल. तेव्हा कुणी सांगणार नाही. इथं सगळे फार चांगले आहेत, ते खोकतील, छताकडे बघतील आणि मला वाजवू देतील. तू सांगायचंस. माझ्या तोंडावर.”

मी हो म्हटलं. त्या वेळी ते सोपं वाटलं.

आज त्याला सहा वर्षं झाली. मी पार्ट वाचते. हळू वाचते, पण माझं मी वाचते. मॉरीन ऐंशीची झाली. थर्ड क्लॅरिनेटमध्ये आता चौघं आहेत, पण आम्हा दोघींचा स्टँड एकच आहे. आणि मी दर मंगळवारी एक कान तिच्याकडे लावून बसते. हे तिला कळतं की नाही माहीत नाही. कधी तिची बोटं सांध्यात अडतात, थंडीत जास्तच. कधी ती पान उलटायला माझ्याकडे बघते. प्रत्येक सप्टेंबरमध्ये कपाट उघडताना मला तिच्या या मागणीची आठवण येते. त्या पहिल्या सीझनला खरं सांगायचं नव्हतं ते मला माझी जागा जाईल म्हणून. आता सांगावं लागेल त्यात तिची जाणार आहे.

परवाच्या मंगळवारी सीझनची पहिली तालीम होती. पार्ट वाटता वाटता मला उशीर झाला, बासून नावाच्या वाद्याचा कागद हरवला होता, मी घाईघाईनं येऊन बसले. नवीन रचना, कुणालाच माहीत नसलेली. दुसऱ्या पानावर चार ठेक्यांची विश्रांती आणि मग थर्डचा प्रवेश. ग्रॅहमनं हात वर केला आणि बँड थांबवला.

“थर्ड क्लॅरिनेट्स, लेट.”

मॉरीन सॉरी म्हणाली नाही. तिनं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. ब्रेकपर्यंत ती नेहमीसारखीच वाजवत होती, पण तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. ब्रेक झाला, सगळे चहाकडे गेले, ती उठली नाही. मीही उठले नाही.

“मगाशी मी होते का?” तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता. “तू कबूल केलं आहेस.”

मी कागदाकडे बघितलं. ती जागा पुन्हा मनात वाजवून पाहिली, एकदा, दोनदा. माझं लक्ष बासूनच्या त्या हरवलेल्या कागदाकडे होतं, मी चारऐवजी पाच मोजले होते. तिचा सूर मी आत शिरायच्या आधी लागला होता. मला तो ऐकू आला होता. अगदी आरामात, अगदी जागेवर.

“मी होते,” मी म्हटलं. “मी पाच मोजले.”

तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. माझा चेहरा किती चांगलं खोटं बोलू शकतो हे या बँडमध्ये तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मी डोळे हलवले नाहीत, आणि मला हलवावे लागलेही नाहीत.

“पाच,” ती म्हणाली.

“पाच.”

“सहा वर्षं शिकवून चार मोजता येत नाहीत तुला.” आणि तिनं श्वास सोडला, आणि मीही माझा सोडला, दोघींचा बरोबर एकाच वेळी.